छातीचा नवस

तिसऱ्या मजल्याच्या वळणावर वुबशेत रोजच्यासारखा थांबला होता आणि खिशात किल्ली शोधत असल्याचं नाटक करत होता. किल्ली हातातच होती. श्वास आत जात होता, पण तळाला टेकत नव्हता. मध्येच कुठेतरी, छातीच्या हाडामागे, कुणी मूठ आवळून धरल्यासारखा अडत होता. घशाशी आंबट पाणी येऊन परत गेलं होतं आणि जाताना जिभेच्या मुळाशी आपली खूण ठेवून गेलं होतं. अशा वेळी घाई करायची नाही, कठड्याला हात लावायचा, खाली अंगणात बघायचं. अंगणात बायकांनी पोत्यांवर लाल मिरच्या वाळत घातल्या होत्या. पाऊस सरून मेस्केलचा सण झाला की अदिस अबाबातल्या प्रत्येक इमारतीखाली हेच दिसतं. पाय ठेवायला जागा राहत नाही आणि सगळा परिसर वर्षभराच्या बेरबेरे मसाल्याच्या वासाने शिंकत बसतो. त्यातलं कोपऱ्यावरचं पोतं त्याच्या आईचं होतं. मिरच्या एकसारख्या, देठ एका बाजूला करून मांडलेल्या. आईच्या, लाकेचबाईंच्या, हातचं वाळवणसुद्धा ओळखू येत असे.

वरच्या मजल्यावरच्या बेलायनेश मावशी रिकामी बादली घेऊन उतरत होत्या. त्यांनी त्याचं किल्लीचं नाटक पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं, आणि तेच त्याला जास्त लागलं.

"आज लवकर सुटलास रे?"

"हो, काम नव्हतं."

"बरं झालं. ऐक, एक सांगायचं होतं. आईला आता पुरे म्हण. देवाला पोचला असेल तिचा नवस. काल चर्चमध्ये भोवळ आली तिला, आम्ही दोघींनी धरलं म्हणून, नाहीतर दगडावरच आपटली असती."

"कसला नवस?"

बेलायनेश मावशींनी बादली या हातातून त्या हातात घेतली. बोलून बसलो आता, असं त्यांच्या तोंडावर आलं. "तुझ्या छातीचा. दुसरा कसला असणार? बुधवार-शुक्रवारचा उपास आपण सगळेच धरतो. ही मेस्केलपासून सोमवार, मंगळवार, गुरुवारही धरते आहे. दुपार कलल्यावर मूठभर भाजलेले जव आणि पाणी. बस. तुला ठाऊक नाही?"

"ती म्हणते की दुपारी तुमच्याकडे जेवते."

"माझ्याकडे?" मावशी हसल्या, पण हसू पुरतं फुटलं नाही. "माझ्या घरातलं पाणीसुद्धा घेत नाही ती. पोरा, छाती बरी आहे ना पण आता?"

छाती बरी आहे का, या प्रश्नाला त्याने मान हलवली. ती हो म्हणून होती की नाही म्हणून, हे त्याचं त्यालाही कळलं नाही. मावशी पायऱ्या उतरून गेल्या. खाली अंगणात कुणाशी तरी त्या मोठ्याने बोलू लागल्या आणि तो तिथेच, किल्ली मुठीत धरून उभा राहिला. मघाशी दम लागला म्हणून उभा होता. आता वर जायचं पाऊल उचलेना म्हणून उभा राहिला.

कारण त्याची छाती ठणठणीत होती. हे त्याला माहीत होतं. मेस्केलनंतर थोड्याच दिवसांत माहीत झालं होतं. फोटो काढून झाला होता, नळीत फुंकून झालं होतं, हृदयाच्या तारा लावून झाल्या होत्या. डॉक्टर मेहेरेत म्हणून एक तरुण बाई होत्या, त्यांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरून दाखवला होता. बघा, किती स्वच्छ. तुमचं दुखणं इथे नाही, इथे आहे, असं म्हणून त्यांनी पेनचं टोक त्याच्या बरगड्यांच्या खाली टेकवलं होतं. आम्लपित्त. पोटातलं आम्ल वर येतं, घशापर्यंत येतं, त्याचे बारीक कण श्वासनळीत उतरतात, मग नळी घाबरून आवळते. त्यालाच तुम्ही दमा समजता. त्याने विचारलं होतं, पण माझं पोट तर जळत नाही. या शहरात पोट जळत नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. ऑफिसात अर्ध्या टेबलांच्या खणात जवसाच्या पाण्याची बाटली असते, लोक एकमेकांना तब्येत विचारतात तशी पोटाची जळजळ विचारतात. त्याला मात्र कधी जळजळ झाली नव्हती. जळजळ नाही म्हणून कुणाला पोटाचा संशय नाही, आणि खोकला आहे म्हणून सगळ्यांना छातीचा. डॉक्टरीण म्हणाल्या, काहींचं असंच असतं, आग लागते खाली आणि धूर निघतो वर. मग त्यांनी सांगितलं: बेरबेरे बंद, कॉफी बंद, रात्रीचं जेवण लवकर आणि हलकं, जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करायची. आणि गोळी, जेवणाआधी. सहा आठवड्यांत फरक पडेल. पथ्य पाळलंत तर.

पथ्य पाळलंत तर. हा 'तर' घेऊन तो त्या दिवशी घरी आला होता, आणि दारातच मसाल्याचा तो खमंग, जाड वास आला होता. आईने कोंबडीचा लाल रस्सा केला होता. सण नाही, वार नाही. "छाती मोकळी होईल," ती म्हणाली होती. "हा कफ असा तिखटानेच सुटतो. खा." तेव्हा सांगायला हवं होतं. जिभेच्या टोकावर होतं. पण ती कांदे चिरून चिरून लाल झालेल्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघत होती, आणि लाकेचबाईंच्या रश्शात कांदा मंद आचेवर अर्धा दिवस परततात, तेलाचा थेंब न घालता, हे अख्ख्या इमारतीला माहीत होतं. त्याने खाल्लं. रात्री उशीला टेकून बसला, खोकला, आणि पलीकडच्या खोलीत आई जागी होऊन प्रार्थना पुटपुटू लागलेली त्याने ऐकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. गोळी तो न्यायालयाच्या संडासात घ्यायचा. एका बाजूने गोळी, दुसऱ्या बाजूने रस्सा. बिचारी गोळी तरी काय करणार? पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली त्याने जुन्या राजपत्रांचे बांधीव खंड सरकवले होते आणि आईला सांगितलं होतं की फरशी खचली आहे. ताकाला जाऊन भांडं लपवण्याचाच प्रकार. चाळीशी उलटलेला, सरकारी नोकरीतला माणूस, आणि आईच्या हातचं नको म्हणायची छाती नाही.

न्यायालयात त्याचं काम पुकारा करण्याचं. दालनाच्या दारात उभं राहून पक्षकाराचं नाव, त्याच्या बापाचं नाव, लागलंच तर आजोबांचंही, असं लांबच लांब व्हरांड्याच्या टोकापर्यंत पोचवायचं. त्याचा आवाज नामांकित होता. बायकोसुद्धा पहिल्यांदा त्या आवाजावरच भाळली होती, असं ती म्हणायची. मग तिला सोडतीत अमेरिकेचा परवाना लागला, ती पुढे गेली, तो मागून जाणार होता, आणि पुढची तिकडची झाली, मागचा इकडचा राहिला. आवाज तेवढा टिकून होता. अलीकडे तोही सकाळी घोगरा निघू लागला होता, वाळूवर फरफटल्यासारखा. आज तर एका वारसाहक्काच्या खटल्यात नाव पुकारताना आजोबांपर्यंत पोचलाच नाही. बापाच्या नावावरच घसा बंद झाला, श्वास आत ओढताना कोंबड्याच्या बांगेसारखा आवाज आला, आणि व्हरांड्यातले लोक उठून उभे राहिले. न्यायाधीश भले गृहस्थ. त्यांनी आत बोलावून सांगितलं, "घरी जा वुबशेत. तुमचं ऐकून साक्षीदार घाबरून खरं बोलायला लागतील, आणि मग आपला धंदा बसेल." सगळे हसले. तो पण हसला. तसा तो आज लवकर सुटला होता, नाहीतर बेलायनेश मावशी भेटल्याच नसत्या आणि हे असंच चालू राहिलं असतं. किती दिवस? आई खरोखरच दगडावर आपटेपर्यंत?

आता कठड्याला टेकून तो मागचे आठवडे आठवू लागला आणि प्रत्येक संध्याकाळ वेगळी दिसू लागली. टोपलीसारख्या विणलेल्या मेजावर इंजेरा, आंबवलेल्या पिठाचं मोठं धिरडं, पसरलेला, मध्ये रस्सा, आणि आई समोर बसलेली. ती तुकडा तोडायची, रश्शात बुडवायची, नीट गुंडाळून त्याच्या तोंडात घालायची. एका घासाने भांडण होतं म्हणतात, म्हणून दुसरा. दोनाने शंका राहते म्हणून तिसरा. ती स्वतः खात नव्हती हे त्याला दिसत कसं नव्हतं? भरवणाऱ्या हाताकडे बघताना भरवणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं राहून जातं. मनगट बारीक झालं होतं. पांढऱ्या नेतेलाचा, अंगावरच्या शालीचा, काठ ती हल्ली दोनदा गुंडाळायची, त्याला वाटलं होतं थंडी आहे. मेजावरून उठताना ती भिंतीला हात लावायची, त्याला वाटलं होतं गुडघे. आपल्या खोकल्याकडे तो इतका कान लावून बसला होता की घरात दुसरं कुणी माणूस आहे हे विसरला होता. ती त्याच्या श्वासासाठी उपाशी, आणि तो तिचं मन मोडू नये म्हणून पोटभर जेवून त्याच श्वासाचा गळा आवळतो आहे. त्याचा खोकला वाढला की तिचा उपास वाढणार, आणि तिचं तिखट वाढलं की त्याचा खोकला. या चक्राची कळ फक्त त्याच्याच हातात होती आणि त्याने ती दाबली नव्हती. त्याला स्वतःची किळस आली.

पण हे एवढंच असतं तर त्याने कधीच सांगून टाकलं असतं. आईचा रस्सा काही देव नव्हे. दोन दिवस रुसली असती, तिसऱ्या दिवशी बेलायनेश मावशींना म्हणाली असती की माझ्या पोराला राजवाड्यातल्यासारखं फिकं लागतं, आणि मिटलं असतं. पण डॉक्टरणींनी जाता जाता एक प्रश्न विचारला होता. घरात आणखी कुणाला असा त्रास? आईला, वडिलांना? तो म्हणाला होता, नाही. इतक्या झटकन म्हणाला की त्यांनी मान वर करून पाहिलं होतं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना त्याच्या डोळ्यांपुढे बाबा आले होते, पाठीमागे पोतं लावून भिंतीला टेकून बसलेले.

बाबा, देमिसे. शहराच्या दक्षिणेकडच्या एका कापडगिरणीत पिंजणखात्यात. कधीही कामावरून यायचे ते केसांत कापूस घेऊन. आई दारातच फडक्याने त्यांचं डोकं झटकायची आणि गिरणीच्या नावाने बोटं मोडायची. बाबा खोकायचे. आडवे झाले की जास्त खोकायचे, म्हणून बसून झोपायचे. वुबशेतला लहानपणी वाटायचं, सगळ्यांचे बाप बसूनच झोपतात. आई म्हणायची, धूळ आहे ती, छातीत बसली आहे, तिखटाने सुटेल. आणि गिरणीतून थकून आलेल्या माणसासमोर ती घरातलं सगळ्यात लाल, सगळ्यात झणझणीत मांडायची. शेजारच्या बायका म्हणायच्या, लाकेच नवऱ्याला उपाशी ठेवत नाही हो. बाबा एकदा, फक्त एकदा, म्हणाल्याचं त्याला आठवत होतं, "आज नुसता पाव दे." आईने झारा खाली ठेवला होता. "का? माझ्या हाताला विष आहे?" बाबा हसले होते आणि जेवायला बसले होते. आणि तिची पाठ वळली की ते एकेक घास गुंडाळून वुबशेतच्या तोंडात घालायचे. डोळा मारून. त्याला वाटायचं बाबांचं किती प्रेम. डोळ्यांत पाणी येईपर्यंत तिखट, आणि तरी तो आ करून पुढचा मागायचा. वुबशेत चौदाचा होता तेव्हा एका पहाटे ते पोत्याला टेकलेले होते तसेच सापडले. छाती, असं सगळे म्हणाले. गिरणीने खाल्लं, असं आई म्हणाली, आणि त्यानंतर तीस वर्षं म्हणत आली. गिरणी बंद पडली त्या दिवशी तिने पेढे वाटावेत तसा पाव वाटला होता. त्या गिरणीच्या रागावर ती उभी होती. त्या रागावर तिने धुणी धुतली, मसाले कुटून विकले, मुलाला शिकवलं. आता त्याने जाऊन सांगायचं की एमाये, माझी छाती चांगली आहे, माझं पोट बिघडलं आहे, तुझ्या तिखटाने बिघडलं आहे. आणि मग तिने हिशेब करायचा. ती निरक्षर होती, पण हिशेबाला पक्की होती.

खरं काय होतं ते कुणाला माहीत? त्यालाही माहीत नव्हतं. धूळ असेल, दोन्ही असेल. डॉक्टरणींना विचारता आलं असतं. तीन वेळा त्यांच्याकडे जाऊन आला आणि विचारलं नाही, कारण विचारलं की उत्तर येतं.

किल्ली लावून तो आत गेला तेव्हा आई स्वयंपाकाच्या खोलीत पाठमोरी उभी होती. भाजलेल्या मिरच्यांचा धूर खिडकीबाहेर जायचा सोडून घरातच रेंगाळत होता. त्याने बोलायला तोंड उघडलं आणि घसा मिटला. पुन्हा ती बांग, पुन्हा तो न टेकणारा श्वास; डोळ्यांपुढे काळे ठिपके. आई आली, त्याला स्टुलावर बसवलं, तळव्याने पाठ चोळू लागली, वरून खाली, वरून खाली. "हळू, वुब्ये, हळू. नाकाने घे." हात हलका होता. पूर्वी तिच्या तळव्याला वजन होतं. ती मिकाएल देवदूताचं नाव पुटपुटत होती आणि त्याला वाटत होतं की आत्ताच्या आत्ता जमीन दुभंगावी. हळूहळू घसा सैल झाला. तिने डोळे पुसले, स्वतःचे आधी, मग त्याचे.

"इतक्या लवकर कसा आलास? बस. गरम आहे. तोंडात पडलं की सुटेल."

"एमाये, तू जेवलीस?"

"बेलायनेशकडे."

"बेलायनेश मावशी भेटल्या मला जिन्यात."

आई ओट्याकडे वळली. ताटली आणली, मेजावर ठेवली, समोर बसली, इंजेराचा तुकडा तोडला, लाल रश्शात बुडवला, गुंडाळला. जणू त्याने वाक्य उच्चारलंच नव्हतं. हात त्याच्या तोंडापाशी आला. त्याने तिचं मनगट धरलं. असं त्याने आयुष्यात कधी केलं नव्हतं. त्याने काय, कुणीच करत नाही. आईच्या हातचा घास अडवणं म्हणजे तिच्या थोबाडीत मारणं.

तिने त्याच्या बोटांकडे पाहिलं. मग घासाकडे. "हात धुतलाय मी," ती म्हणाली.

ते ऐकून तो बोलून गेला. सगळं एकदम नाही. आधी डॉक्टरीण, मग फोटो, मग पोट, मग आम्ल. पलंगाखालचे खंड. संडासातल्या गोळ्या. बोलताना दोनदा थांबावं लागलं. तिने घास ताटलीत ठेवला आणि बोटं फडक्याला पुसली, एकेक करून.

"पोटाचं आणि छातीचं काय नातं?" ती म्हणाली. "पोट खाली, छाती वर."

"आग खाली असते, धूर वर जातो."

"कोण म्हणालं?"

"डॉक्टरीण."

"पोरगेली असेल."

"आहे. पण बरोबर आहे तिचं. ज्या दिवशी न्यायालयाच्या उपाहारगृहात नुसता पाव खातो, त्या दुपारी खोकला येत नाही."

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"मेस्केलनंतर."

"आणि रोज खात होतास."

"तू करत होतीस."

आईने फडकं मेजावर टाकलं. मग तिच्या ओठाचा कोपरा हलला. "मी तुझ्यासाठी उपाशी आणि तू माझ्यासाठी पोटभर. देव वर बसून डोकं बडवून घेत असेल. ही कुठली माणसं पाठवली म्हणत असेल." आणि ती हसली. त्यालाही हसू आलं, हसताना खोकला आला, आणि तिचा हात आपोआप त्याच्या पाठीकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला, जणू आता पाठ चोळायची की पोट हे तिला ठरवता येत नव्हतं. "गाढवा," ती म्हणाली. "आधी सांगतोस तर फिका पिवळा रस्सा केला असता. बाळंतिणींना करून घालते, तुला घातला नसता?"

त्याला इतकं सुटल्यासारखं झालं की रडू यायची वेळ आली. एवढंच होतं का ते? हळदीच्या एका रश्शाएवढं? त्याने उठून फडताळातला गव्हाचा पाव काढला, पेल्यात दूध ओतलं. आज गुरुवार, बुधवार-शुक्रवारसारखं दूध वर्ज्य नव्हतं. "आता हा उपास सोड. छातीचा नवस होता, छाती चांगली आहे. देवाचं देणं राहिलं नाही."

"चर्चमधल्या पाद्री आबांना विचारायला हवं."

"आबांना मी सांगेन. तू खा."

ती पावाकडे बघत होती. पण बघत नव्हती. तिची नजर मेजावरून सरकत दाराच्या चौकटीतून त्याच्या खोलीत गेली होती, जिथे पलंग डोक्याकडून उंच, पायाकडे उतरता, खुळ्यासारखा उभा दिसत होता. तिचं हसू अजून तोंडावर होतं, विसरून राहिलेलं.

"डोकं उंच का लागतं?" तिने विचारलं.

"आम्ल वर येऊ नये म्हणून."

"बसून झोपलं तरी चालतं?"

इथे त्याचा श्वास पुन्हा अडला, आणि या वेळी पोटाचा काही दोष नव्हता. "चालतं," तो म्हणाला.

"तुझा बाप बसून झोपायचा."

"बाबांचं वेगळं होतं. गिरणीची धूळ होती ती. कापूस फुप्फुसात जातो, बसतो. त्याचा पोटाशी संबंध नाही."

"डॉक्टरणीने सांगितलं?"

"हो."

"तू विचारलंस?"

"विचारलं."

तो पुकारा करणारा माणूस. भरल्या व्हरांड्यात नावं पोचवणारा. एवढे दोन शब्द त्या लहान खोलीत मेजाच्या या बाजूपासून त्या बाजूला पोचवताना त्याचा आवाज स्वच्छ, गोल, घोगरेपणाचा लवलेश नसलेला निघाला, आणि त्यालाच तो परका वाटला. आईने मान डोलावली. "मग बरं," ती म्हणाली. बाहेर अंगणात बेलायनेश मावशी कुणाच्या तरी शेळीला मिरच्यांवरून हाकलत होत्या. आईने त्यांच्या ओरडण्याकडे कान दिला, नेतेला सारखा केला, आणि मग लहान मुलीसारखं तोंड उघडलं.

त्याने पावाचा तुकडा दुधात बुडवला आणि तिला भरवला. ती हळू चावत होती. इतक्या दिवसांच्या उपासाने जबडा आंबला असावा. एका घासाने भांडण होतं, म्हणून त्याने दुसरा दिला. तिसरा द्यायला गेला तेव्हा तिने हात आडवा केला नाही, तोही घेतला, गिळला, दुधाचा थेंब ओठावरून पुसला. मग लाल रश्शाचं भांडं उचलून ती ओट्याकडे गेली. झाकण ठेवलं. झाकणावरचा हात तिने काढला नाही.

"सोमवार सोडते," तिकडे तोंड करूनच ती म्हणाली. "मंगळवार सोडते. आजचा मोडलाच. पुढच्या गुरुवारपासून गुरुवार तेवढा धरीन."

"कशाला? माझी छाती चांगली आहे म्हणून सांगितलं ना."

"तुझ्यासाठी नाही."

त्याला विचारायचं नव्हतं, पण न विचारण्याचंही आता काही उरलं नव्हतं. "मग कुणासाठी?"

"तुझा बाप गुरुवारी गेला," ती म्हणाली. "नुसता पाव मागितला होता त्याने."

भांड्यावरचं झाकण तिने पुन्हा एकदा नीट बसवलं. वुबशेत स्टुलावर बसून होता, रिकामा पेला दोन्ही हातांत. आणि तेव्हा, काही कारण नसताना, मेस्केलनंतर पहिल्यांदा, त्याचा श्वास आत गेला तो कुठेही न अडता थेट तळाला जाऊन टेकला. त्याची त्याला इतकी लाज वाटली की त्याने तो हळूहळू, आईला ऐकू जाणार नाही असा, सोडला.